उंदराने खटका दाबणे सोडले, तर मेंदूतील नेमके काय तुटले? लीझन आणि बक्षीस-मार्गाविषयी एक प्रश्न

मनोविद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी मानसशास्त्रात एम. ए. करत असून या सत्रात आम्हाला जैविक मानसशास्त्र हा विषय आहे. प्रेरणा आणि प्रबलन या प्रकरणात एकाच प्रकारचा युक्तिवाद वारंवार भेटतो: प्राण्याच्या मेंदूतील एखाद्या भागाचे लीझन केले, म्हणजे तो भाग हेतुपुरस्सर नष्ट केला, त्यानंतर प्राण्याने अमुक वर्तन सोडले, आणि म्हणून तो भाग बक्षिसाच्या मार्गात मोडतो.

जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांचा १९५४ चा प्रयोग मला समजतो. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात त्यांनी उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला, खटका दाबताच त्यातून सौम्य विद्युतप्रवाह मिळेल अशी व्यवस्था केली, आणि उंदीर तो खटका पुन्हा पुन्हा दाबत राहिला. तिथे प्राणी आपल्या कृतीने काहीतरी सांगतो. लीझनच्या प्रयोगात मात्र प्राणी काही करेनासा होतो, आणि न करण्याची कारणे अनेक असू शकतात. त्याच्या पायांत बळ उरले नसेल, त्याला खटका नीट जाणवत नसेल, खटका आणि बक्षीस यांचा संबंध तो विसरला असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर तो केवळ आजारी असेल. या सगळ्या शक्यता बाजूला सारून 'बक्षिसाचे मूल्यच नाहीसे झाले' इथपर्यंत संशोधक कसे पोहोचतात?

दुसरी शंका 'मार्ग' या कल्पनेविषयी आहे. एक ठिकाण नष्ट केल्याने फार तर एक ठिकाण कळेल. दोन ठिकाणांमधली वाट लीझनवरून कशी काढतात? शक्य असल्यास प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे समजावून सांगावे, ही विनंती.

शरीरक्रिया_शिक्षक

आपली शंका योग्य ठिकाणी बोट ठेवणारी आहे, आणि तिचे उत्तर एका व्याख्येत देण्यापेक्षा एका भागाच्या इतिहासातून देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तो भाग म्हणजे पार्श्व हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहान भागाची बाहेरची बाजू. बक्षीस-मार्गाच्या शोधातील जवळजवळ प्रत्येक पद्धतशीर अडचण या एका जागी भेटते.

१९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवले की हायपोथॅलॅमसच्या मध्यभागाकडील बाजूला, दोन्हीकडे, विद्युतप्रवाहाने क्षती केली तर उंदीर अतिशय लठ्ठ होतात. त्यानंतर १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच पातळीवर, पण बाहेरच्या बाजूला, लहान क्षती केल्या. दोन्ही बाजूंना क्षती झालेल्या उंदरांनी आणि मांजरांनी खाणे पूर्ण सोडले आणि समोर अन्न असताना ते उपाशी राहिले. एकाच बाजूची क्षती केली तर असे होत नव्हते. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख झाले. आपल्याकडे शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या पिढ्यांनी 'फीडिंग सेंटर' ही संज्ञा त्यांच्या नावासह पाठ केली आहे.

ओल्ड्स यांच्या स्व-उद्दीपनाच्या प्रयोगांत उंदीर सर्वांत जोमाने खटका दाबत असत त्या जागांपैकी एक नेमकी हीच होती. त्यामुळे निष्कर्ष समोर उभा होता: इथे प्रवाह दिला की प्राणी त्यासाठी झटतो, इथला भाग नष्ट केला की त्याला अन्नाची ओढ राहत नाही, तेव्हा भूक आणि बक्षीस यांचे केंद्र हेच असले पाहिजे. उद्दीपन आणि लीझन या दोन स्वतंत्र पद्धती एकाच जागेकडे निर्देश करत असल्याने हा निष्कर्ष अनेकांना भक्कम वाटला.

त्याला पहिला तडा प्राण्यांची काळजी घेतल्यामुळे गेला. टाइटेलबाउम आणि स्टेलर यांनी १९५४ मध्ये अशा उंदरांना नळीने अन्न देऊन जगवले, तेव्हा त्यांपैकी अनेक उंदीर हळूहळू पुन्हा खाऊ लागले. प्रथम ओले, चविष्ट अन्न, नंतर साधे अन्न आणि बऱ्याच उशिरा पाणी, असा तो क्रम होता. भुकेचे केंद्र कायमचे नष्ट झाले असेल तर भूक परत कुठून आली? त्यानंतर १९७१ मध्ये मार्शल, टर्नर आणि टाइटेलबाउम यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. एका बाजूची क्षती झालेला उंदीर शरीराच्या विरुद्ध बाजूला झालेल्या स्पर्शाकडे, वासाकडे, दिसणाऱ्या वस्तूकडे वळतच नव्हता. म्हणजे आपण ज्या शक्यता मांडल्या आहेत, त्यांपैकी किमान एक खरी ठरली: अन्नाकडे न जाणाऱ्या प्राण्याला मुळात अन्नाकडे वळण्यातच अडचण असू शकत होती.

आता शरीररचनेकडे पाहू. पार्श्व हायपोथॅलॅमसमधून मेडियल फोरब्रेन बंडल नावाचा चेतातंतूंचा मोठा जुडगा पुढे-मागे जातो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये फाल्क आणि हिलार्प यांच्या पद्धतीमुळे डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन (चेतापेशींमध्ये संदेश नेणारी रसायने) असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना दिसू लागल्या, आणि १९६४ मध्ये डालस्ट्रॉम व फुक्से यांनी मेंदूच्या खोडातील अशा पेशींचे गट क्रमांक देऊन नोंदवले. त्यातील ए-९ हा गट सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये आणि ए-१० हा गट त्याच्या शेजारच्या व्हेंट्रल टेगमेंटल एरियात आहे. या पेशींचे लांब तंतू पुढच्या मेंदूकडे जाताना हायपोथॅलॅमसच्या याच पार्श्वभागातून आणि त्याच्या कडेने जातात. विद्युतप्रवाहाने केलेले लीझन हा भेद पाळत नाही. त्या जागेत राहणाऱ्या पेशी आणि तिथून फक्त पुढे जाणारे तंतू ही दोन्ही जळतात. जंक्शनवर रूळ उखडले आणि पुढच्या गावी गाडी पोहोचली नाही, तर गाडी त्या जंक्शनमध्येच तयार होत होती असे आपण म्हणत नाही. आनंद-ब्रोबेक लीझनच्या अर्थनिर्णयात मात्र अनेक वर्षे जवळपास असेच म्हटले गेले.

१९७१ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत उर्बान उंगरस्टेट यांनी ६-हायड्रॉक्सिडोपामिन या रसायनाने प्रामुख्याने डोपामिनचे तंतू नष्ट केले. हे रसायन डोपामिनसारखेच दिसत असल्याने त्या पेशी ते स्वतःहून आत ओढून घेतात आणि आत गेल्यावर त्याच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणाऱ्या घातक पदार्थांनी मरतात. हायपोथॅलॅमसच्या स्वतःच्या पेशींना हात न लावताही उंदरांनी खाणे आणि पिणे सोडले. ज्या लक्षणांचे श्रेय वीस वर्षे एका केंद्राला दिले जात होते, त्यांचा मोठा भाग तिथून जाणाऱ्या मार्गाचा होता. केंद्राकडून मार्गाकडे झालेला हा प्रवास, माझ्या मते, आपल्या दुसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर आहे.

याच्या उलट बाजूचा प्रयोगही झाला, आणि तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. आयबोटेनिक आम्लासारखी उत्तेजक विषे चेतापेशीचे मुख्य शरीर मारतात, पण जवळून जाणाऱ्या तंतूंना बहुतांशी धक्का लावत नाहीत. १९८४ मध्ये विन, टारबक आणि डनेट यांनी ते पार्श्व हायपोथॅलॅमसमध्ये वापरले, तेव्हा उंदरांचे खाणे-पिणे कमी झाले, पण ते जुन्या लीझनच्या मानाने सौम्य आणि अल्पकाळ टिकणारे होते, आणि स्पर्शाकडे दुर्लक्ष करण्याचे लक्षण दिसले नाही. मात्र शरीरात निर्माण झालेल्या तातडीच्या गरजांना योग्य प्रतिसाद देण्यात या उंदरांत दीर्घकाळ उणीव राहिली. म्हणजे त्या जागेतील पेशींना स्वतःचे काम आहेच. ते 'केंद्र' या शब्दातून वाटते त्याहून वेगळे आणि मर्यादित आहे.

ही चूक केवळ जुन्या काळातील समजू नये. माकडांचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स (डोळ्यांच्या खोबणींवरचा मेंदूच्या पुढच्या पृष्ठभागाचा भाग) शोषून काढला तर बदललेल्या बक्षिसाप्रमाणे निवड उलटवण्याची क्षमता जाते, असे दशकानुदशके शिकवले जात होते. २०१३ मध्ये रुडबेक आणि मरे यांच्या गटाने तंतू राखून फक्त पेशी मारणारी लीझन केली, तेव्हा ती क्षमता शाबूत राहिली. अन्नाचे मूल्य बदलल्यावर त्यानुसार निवड बदलण्याची क्षमता मात्र खरोखर गेली. दोन पद्धतींच्या फरकातून कोणते काम त्या भागाचे आणि कोणते तिथून जाणाऱ्या तंतूंचे, हे वेगळे करता आले.

वर्तन_औषधशास्त्र

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण 'बळ गेले की बक्षीस गेले' हा प्रश्न प्रयोगशाळेत आम्हाला रोज सोडवावा लागतो आणि त्यासाठी काही फार सुंदर युक्त्या शोधल्या गेल्या आहेत.

प्रथम स्व-उद्दीपनाचे उदाहरण घेऊ. खटका दाबण्याचा वेग कमी झाला, एवढ्या माहितीवरून काहीच ठरत नाही. म्हणून एडमंड्स आणि गॅलिस्टेल यांनी १९७४ पासून मांडलेल्या पद्धतीत उद्दीपनाची ताकद पायरीपायरीने वाढवत नेतात आणि प्रत्येक पायरीवरील प्रतिसादाचा आलेख काढतात. लीझननंतर संपूर्ण आलेख उजवीकडे सरकला, म्हणजे पूर्वीइतकाच जोम मिळवण्यासाठी आता अधिक उद्दीपन लागते, तर बक्षिसाचे मूल्य घटले असे समजण्यास आधार मिळतो. आलेख जागेवरच राहून त्याचा माथा खाली आला, म्हणजे कितीही उद्दीपन दिले तरी प्राणी पूर्वीच्या वेगाला पोहोचत नाही, तर दोष हालचालीच्या क्षमतेत असण्याची शक्यता अधिक. व्यवहारात दोन्ही बदल एकत्र येऊ शकतात, आणि तिथे निर्णय देताना फार जपावे लागते.

दुसरी युक्ती मेंदूच्या दोन बाजूंचा उपयोग करते. इलेक्ट्रोड एकाच बाजूला बसवायचा. काही प्राण्यांत डोपामिनचे तंतू त्याच बाजूचे नष्ट करायचे आणि काहींत विरुद्ध बाजूचे. हालचालीतील बिघाड दोन्ही गटांत सारखाच असायला हवा, कारण दोघांचीही एक बाजू दुखावलेली आहे. फक्त पहिल्या गटात ही क्षती उद्दीपनाच्या मार्गावर आहे. व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात फिबिगर, फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये व्हेंट्रल टेगमेंटल एरियातील स्व-उद्दीपनासाठी ही रचना वापरली. त्याच बाजूच्या लीझनने खटका दाबणे मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घकाळ घटले, विरुद्ध बाजूच्या लीझनचा परिणाम अल्प राहिला. नुसत्या अशक्तपणाने हा फरक समजावून सांगता येत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याच विद्यापीठात रॉबर्ट्स, कोरकोरन आणि फिबिगर यांनी १९७७ मध्ये शिरेतून स्वतः कोकेन घेण्यास शिकलेल्या उंदरांवर काम केले. कोकेन डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या दोन्हींवर परिणाम करते, म्हणून दोन्ही मार्ग वेगवेगळे तोडून पाहणे आवश्यक होते. नॉरॲड्रेनालिनचे तंतू तोडल्याने कोकेन घेणे थांबले नाही. न्यूक्लियस अक्युंबेन्स, म्हणजे ए-१० गटाचे तंतू पुढच्या मेंदूत जिथे पोहोचतात तो भाग, तिथले डोपामिनचे तंतू नष्ट केल्यावर ते फार घटले. तरीही आपली शंका शिल्लक राहते: हे उंदीर खटका दाबण्यास असमर्थ झाले असतील तर? त्याचे उत्तर त्यांनी अपोमॉर्फिन देऊन मिळवले. हे औषध डोपामिनच्या ग्राहीवर (पेशीवरील ज्या रेणूला जोडून डोपामिन संदेश देते त्यावर) थेट काम करते, त्यासाठी डोपामिनचे तंतू जिवंत असावे लागत नाहीत. त्या औषधासाठी उंदीर खटका दाबत राहिले. पंजे, स्मृती आणि खटक्याची ओळख जागेवर होती. कोकेनचा परिणाम ज्या तंतूंतून पोहोचायचा तेच उरले नव्हते.

१९८० च्या पुढील लेखात आणखी एक बारकावा आला. लीझननंतर उंदीर पहिल्या सत्रापासून निश्चल बसत नव्हते. आधी ते बऱ्यापैकी दाबत, आणि मग दिवसागणिक प्रतिसाद उतरत जाई. कोकेनऐवजी केवळ सलाईन भरले तर निरोगी उंदीर जसे वागतात, त्याच्याशी हा आकृतिबंध जुळतो. वर्तनाच्या काळातील आकाराकडे पाहिल्याशिवाय हे कधीच लक्षात आले नसते, म्हणून केवळ सरासरी देणारे तक्ते पाहून मत बनवू नये असा माझा आग्रह असतो.

त्यानंतर १९८४ मध्ये पेटिट, एटनबर्ग, ब्लूम आणि कूब यांनी आपल्या प्रत्येक उंदराला कोकेन आणि हेरॉईन आलटून-पालटून घेण्यास शिकवले. अक्युंबेन्समधील डोपामिन नष्ट केल्यावर कोकेन घेणे कोसळले, पण हेरॉईन घेणे बहुतांशी टिकले. एकाच प्राण्यात, एकाच खटक्यावर, एक बक्षीस जाते आणि दुसरे राहते. अशा निवडक परिणामाला लीझनशास्त्रात फार किंमत आहे, कारण आजारपण किंवा दुर्बलता असा पक्षपात करत नाही. यातून हेही दिसले की सर्व बक्षिसे एकाच तंतूंवर अवलंबून नाहीत.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगतो, कारण निष्कर्षाची ताकद तिथे ठरते. प्राण्याला पूर्ण भूल देऊन त्याचे डोके स्टिरिओटॅक्सिक चौकटीत स्थिर करतात. हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेल्या उपकरणाचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे. कवटीवरील सांधे जिथे मिळतात त्या ब्रेग्मा या बिंदूपासून अंतरे मोजून सुई खाली नेतात. ६-हायड्रॉक्सिडोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून ते थेट जागेवर सोडावे लागते. ते हवेत आणि प्रकाशात लवकर खराब होते, त्यामुळे द्रावणात ॲस्कॉर्बिक आम्ल घालून ते बर्फात आणि अंधारात ठेवतात. द्रावणाला रंग चढू लागला तर ते टाकून देणे हाच योग्य निर्णय असतो. नॉरॲड्रेनालिनचे तंतू वाचवायचे असतील तर आधी डेसिप्रामिन हे औषध देतात, ज्यामुळे ते तंतू हे विष आत ओढून घेत नाहीत. तुलनेच्या गटावर सगळी शस्त्रक्रिया तशीच होते, सुईही त्याच खोलीवर जाते, फक्त विषाऐवजी निरुपद्रवी द्रावण सोडले जाते. शेवटी प्रत्येक मेंदूचे पातळ काप करून, कोणता प्राणी कोणत्या गटातील हे माहीत नसलेल्या व्यक्तीने, क्षती खरोखर कुठे आणि किती झाली ते तपासायचे असते, आणि जागा चुकलेले प्राणी विश्लेषणातून वगळायचे असतात. ही तपासणी ज्या लेखात नीट दिलेली नाही, त्यातील जागेविषयीचा दावा मी स्वीकारत नाही.

मनोविद्यार्थिनी

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. अपोमॉर्फिनचा प्रयोग वाचून 'न करण्याची' कारणे वेगळी कशी करतात ते स्पष्ट झाले. यातून एक पुढचा प्रश्न निर्माण होतो. डोपामिनचे तंतू गेल्यावर कोकेनचे बक्षीसमूल्य जाते, अन्न खाणेही थांबते. तर मग डोपामिन गेलेल्या प्राण्याला गोड पदार्थ गोड लागत नाही, त्याचे सुखच जाते, असे म्हणावे का? आमच्या टिपणांत 'सुखाचा मार्ग' असा उल्लेख आहे.

चव_आणि_चेता

हा उल्लेख आता टिकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो टिकत नाही हे दाखवण्यात लीझनच्या प्रयोगांचाच वाटा मोठा आहे.

रॉय वाइज यांनी १९८२ मध्ये अशी मांडणी केली होती की डोपामिनचे कार्य रोखले की बक्षिसातील सुखदपणा ओसरतो. तिची परीक्षा घ्यायची तर सुखद वाटणे मोजण्याचे असे साधन हवे, ज्यात प्राण्याला बक्षिसासाठी काही करावे लागणार नाही. ते ग्रिल आणि नॉरग्रेन यांनी १९७८ मध्ये दिले. उंदराच्या तोंडात नळीने थेट द्रावण सोडले, तर साखरेला तो लयीत जीभ बाहेर काढतो, पंजे चाटतो. क्विनीनसारख्या कडू द्रावणाला तोंड वासतो, डोके झटकतो. यासाठी अन्नाकडे चालत जाण्याची गरज नाही.

मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज, व्हेनियर आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९८९ मध्ये ६-हायड्रॉक्सिडोपामिन दिलेल्या, स्वतःहून अजिबात न खाणाऱ्या उंदरांवर ही चाचणी केली. साखरेला त्यांचे चेहरे निरोगी उंदरांसारखाच सुखद प्रतिसाद देत होते. १९९८ मध्ये बेरिज आणि रॉबिन्सन यांनी हेच काम, स्ट्रायटम (डोपामिनचे तंतू पोहोचतात तो पुढच्या मेंदूतील मोठा भाग) आणि अक्युंबेन्समधील जवळजवळ ९९ टक्क्यांपर्यंत डोपामिन गेलेल्या उंदरांवर, अधिक विस्ताराने मांडले. समोर ठेवले तर उपाशी मरेल, पण तोंडात घातले तर आवडीने चाटेल, असा तो प्राणी होता. आवडणे आणि हवेसे वाटणे या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या होऊ शकतात, हे इतक्या थेटपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मग साखर नकोशी कशाने होते? क्रॉमवेल आणि बेरिज यांनी १९९३ मध्ये उत्तेजक विषांनी लहान क्षती करून त्यांची जागा काटेकोरपणे नोंदवली. क्षती पार्श्व हायपोथॅलॅमसपुरती राहिली तर उंदीर खात नसत, पण साखरेला तोंड वासत नसत. क्षती थोडी पुढे आणि बाहेर, व्हेंट्रल पॅलिडममध्ये झाली, तर साखरेलाही ते कडू द्रावणासारखा प्रतिसाद देत. पूर्वीच्या मोठ्या क्षतींत ही दोन्ही ठिकाणे एकत्र सापडत असल्याने खाणे बंद होणे आणि चव नकोशी होणे ही एकाच केंद्राची लक्षणे वाटत होती.

वर्तन_औषधशास्त्र यांच्या उत्तरातील एका विधानाशी मी अंशतः असहमत आहे. आलेख उजवीकडे सरकला म्हणजे मूल्य घटले, हा एकच अर्थ नसतो. कनेक्टिकट विद्यापीठातील जॉन सॅलमोन यांच्या गटाने अक्युंबेन्समधील डोपामिन घटवलेल्या उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या चक्रव्यूहात सोडले. एका बाजूला अधिक अन्न, पण वाटेत ४४ सेंटिमीटर उंचीचा अडथळा. दुसऱ्या बाजूला कमी अन्न, पण वाट मोकळी. निरोगी उंदीर बहुधा अडथळा चढत, हे उंदीर सोपी वाट धरत. अडथळा काढला की तेही अधिक अन्नाकडेच जात, आणि दुसऱ्या बाजूला अन्नच ठेवले नाही तर अडथळाही चढत. अधिक अन्न त्यांना कळत होते आणि हवेही होते, चढण्याची ताकदही होती. बदलला होता तो मोबदला आणि कष्ट यांचा हिशेब. खटक्याच्या प्रयोगात हा हिशेब आणि बक्षिसाचे मूल्य वेगळे करणे अवघड जाते.

वर्तन_औषधशास्त्र

हा आक्षेप मला मान्य करण्यासारखा वाटतो. सॅलमोन यांच्याच प्रयोगशाळेत दिसले आहे की प्रत्येक दाबाला अन्न मिळत असेल तर अशा उंदरांचे दाबणे फारसे घटत नाही. एका गोळीसाठी अनेक वेळा दाबावे लागले की ते कोसळते. आलेख सरकण्याचा अर्थ लावताना हे ध्यानात घेतलेच पाहिजे. कोकेन आणि हेरॉईन यांच्या तुलनेत मात्र कष्ट तेच होते आणि परिणाम वेगळा आला, म्हणून तो निष्कर्ष मी अजूनही कायम ठेवतो.

शरीरक्रिया_शिक्षक

'मार्ग' कसा सिद्ध होतो या प्रश्नाचा उरलेला भाग आता पूर्ण करतो. त्यासाठी तिरप्या लीझनची पद्धत आहे. मेंदूतील बहुतेक भाग डावीकडे आणि उजवीकडे जोडीने असतात, आणि त्यांचे बरेचसे संबंध आपापल्या बाजूलाच राहतात. समजा, अमिग्डाला (मेंदूत खोलवर असलेला, भावनांशी संबंधित भाग) आणि ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स यांनी मिळून एक काम करायचे आहे. एका बाजूचा अमिग्डाला आणि विरुद्ध बाजूचा कॉर्टेक्स नष्ट केला, तर दोन्ही भागांची एक-एक निरोगी प्रत शिल्लक राहते, पण त्या एकमेकींच्या समोरासमोरच्या बाजूंना असल्याने त्यांचा थेट संवाद तुटतो. काम बिघडले, तर दोष कोणत्याही एका ठिकाणाच्या अभावात नसून त्यांच्यातील संबंधात आहे.

बॅक्स्टर, मरे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये माकडांवर हेच केले, आणि दोन गोलार्धांना जोडणारे तंतूही छेदले, जेणेकरून आडवाटेने संवाद होऊ नये. माकडाला एक खाद्य पोटभर दिल्यावर त्याने त्या खाद्याशी जोडलेली वस्तू टाळून दुसरी निवडायला हवी. ही क्षमता उणावली. त्याआधी १९९१ मध्ये केंब्रिजमध्ये एव्हरिट, रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांत अमिग्डालाचा एक भाग आणि व्हेंट्रल स्ट्रायटम यांच्यातील संबंध अशाच रीतीने तोडून, बक्षीस मिळालेल्या जागेची पसंती त्यावर अवलंबून असल्याचे दाखवले होते. त्याच दोन क्षती एकाच बाजूला केलेला गट तुलनेसाठी ठेवला तर क्षतीचे प्रमाण समान राहते आणि फक्त संबंध शाबूत असतो.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. क्षतीनंतर उरलेला मेंदू स्थिर राहत नाही. डोपामिनच्या उरलेल्या थोड्या तंतूंतून अधिक स्राव होऊ लागतो, ग्राही अधिक संवेदनशील होतात, आणि म्हणून बहुतांश तंतू जाईपर्यंत प्राणी बऱ्यापैकी निभावून नेतो. झिगमंड आणि स्ट्रिकर यांनी टाइटेलबाउम यांच्या उंदरांचे बरे होणे याच दिशेने समजावले. म्हणून 'लीझननंतर काही बिघडले नाही' यावरून 'त्या भागाला काम नाही' असे म्हणता येत नाही.

चव_आणि_चेता

यात एक भर घालते. प्रकाशाने किंवा औषधाने एखादा भाग थोडा वेळ बंद करण्याच्या आजच्या पद्धती आल्यावर लीझन कालबाह्य झाले, असे अनेकदा ऐकू येते. हार्वर्डमधील ओल्वेच्की यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की उंदराचा मोटर कॉर्टेक्स (हालचालींशी संबंधित मेंदूचा पृष्ठभाग) क्षणिक बंद केला तर आधी शिकलेली कुशल हालचाल बिघडते, पण तोच भाग कायमचा काढून टाकल्यावर तीच हालचाल टिकते. अचानक बंद केल्याने त्या भागाशी जोडलेले दूरचे भागही काही काळ विस्कळीत होतात, आणि तो बिघाड बंद केलेल्या भागाच्या खात्यावर टाकला जातो. क्षणिक पद्धत भरपाईला वेळ देत नाही, कायमची पद्धत या तात्पुरत्या गोंधळाला ओसरू देते. म्हणून बक्षीस-मार्गाविषयी एखादा दावा वाचताना दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जुळतात का, हे मी प्रथम पाहते.

आपण पुढे स्वतः असे काम करण्याचा विचार करत असाल, तर भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय समितीकडे संस्थेची नोंदणी आणि संस्थात्मक प्राणी नीतिमत्ता समितीची पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. समिती विचारते की प्राण्यांची संख्या इतकीच का, वेदनाशमन कोणते, आणि शस्त्रक्रियेनंतर प्राणी खाईनासा झाला तर काय करणार. शेवटचा प्रश्न या विषयात औपचारिक नाही. टाइटेलबाउम आणि स्टेलर यांनी त्या उंदरांना नळीने भरवले नसते, तर ते बरे होऊ शकतात हे कळलेच नसते.

मनोविद्यार्थिनी

सर्वांचे आभार. टिपणांतील 'सुखाचा मार्ग' हा उल्लेख आमच्या शिक्षकांसमोर १९८९ आणि १९९३ च्या प्रयोगांसह मांडणार आहे. तिरप्या लीझनची आकृती काढून पाहिली. तुलनेच्या गटात दोन्ही क्षती एकाच बाजूला का ठेवतात, तेही त्या आकृतीत दिसले.